पिंपल्ससाठी अँटिबायोटिक: पहिल्या गोळीआधी थांबायची तारीख विचारा

डॉक्सिसायक्लिनचं पाकीट हातात पडलं आणि कुतूहल म्हणून नेटवर नाव टाकलं की माणूस दचकतो. मलेरिया होऊ नये म्हणून हीच गोळी. कॉलऱ्यावर हीच. गोचिडीच्या चाव्यातून येणाऱ्या तापांवर आणि लेप्टोस्पायरोसिसवरही हीच. आणि आपल्या तर गालावर नुसत्या पुळ्या आल्यात. डॉक्टरांना आपल्या चेहऱ्यात नेमकं दिसलं तरी काय?

मी एकोणीस वर्षांची असताना हा प्रश्न मलाही पडला होता, पण विचारायचा धीर झाला नाही. कॅप्सूल सुरू केल्या, दोन महिन्यांत चेहरा निवळला, आणि 'बंद कधी करायच्या' हे ना डॉक्टरांनी सांगितलं ना मी विचारलं. तीच चिठ्ठी दाखवून मी आठ महिने कॅप्सूल आणत राहिले. मग परीक्षेच्या गडबडीत आणायच्या राहून गेल्या, आणि सहा आठवड्यांत हनुवटीवर सगळं होतं तसं परत. माझा समज असा झाला की औषध अर्धवट सोडलं म्हणून हे झालं. खरं तर उलट होतं. ती कॅप्सूल मुळात तेवढंच काम करणारी होती, आणि मी ती गरजेपेक्षा दुप्पट काळ घेतली होती.

हे कळायला आधी एका छिद्राच्या आत डोकवावं लागतं.

चेहऱ्यावरचं प्रत्येक छिद्र म्हणजे केसाच्या मुळाकडे जाणारी बारीक नळी. तिच्या कडेला तेलग्रंथी चिकटलेली असते, आणि तिचं तेल या नळीतून वर येऊन कातडी मऊ ठेवतं. वयात येताना अँड्रोजन नावाचे हार्मोन वाढतात (मुलींमध्येही वाढतात, प्रमाण कमी असतं इतकंच) आणि ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच सुमाराला नळीच्या आतल्या बाजूच्या मेलेल्या पेशी एरवीसारख्या सुट्या होऊन वाहून न जाता एकमेकींना चिकटायला लागतात. नळीत बूच बसतं. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ते काळं दिसतं आणि आपण त्याला ब्लॅकहेड म्हणतो. तो काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे घासून जात नाही. वर कातडीचं झाकण असेल तर व्हाइटहेड.

इथपर्यंत जंतूंचा फारसा संबंध नाही. आता येतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू प्रत्येकाच्या कातडीवर राहतो, ज्यांना जन्मात एक पुळी आली नाही त्यांच्याही. २०१६ पर्यंत त्याचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस होतं, म्हणून जुन्या लेखांत 'पी. ॲक्नेस' सापडतो. त्याला प्राणवायू फारसा मानवत नाही आणि तेल आवडतं. बूच बसलेली, तेलाने भरलेली नळी म्हणजे त्याची चंगळच. तो तेल फोडतो, त्यातून कातडीला झोंबणारी आम्लं तयार होतात, आणि शरीराच्या संरक्षक पेशींना तिथे काहीतरी गडबड असल्याचा सुगावा लागतो. त्या पेशी धावून येतात. लाली, सूज, ठणका, पू हा सगळा त्यांच्या झटापटीचा परिणाम. नळीची भिंत फुटून आतला माल आजूबाजूच्या कातडीत सांडला की खोल, दुखरी गाठ होते, आणि खड्डे मागे ठेवणाऱ्या बऱ्याचदा याच गाठी असतात.

म्हणजे मुरुम हा घशाच्या किंवा लघवीच्या इन्फेक्शनसारखा संसर्ग नाही. बाहेरून कुणी शत्रू आत शिरलेला नाही. शेजारच्याचे मुरुम आपल्याला लागत नाहीत, आणि दिवसातून पाच वेळा साबण लावूनही ते जात नाहीत.

मग अँटिबायोटिक कशाला?

कारण या गोळ्या एकाच वेळी दोन कामं करतात, आणि दुसरं काम बहुतेकांना ठाऊक नसतं. पहिलं सरळ आहे. टेट्रासायक्लिन गटातली औषधं (डॉक्सिसायक्लिन त्यातलीच) जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला जाऊन चिकटतात. नवी प्रथिनं बनत नाहीत, त्यामुळे जिवाणूची वाढ थांबते. डॉक्सिसायक्लिन आणि मिनोसायक्लिन तेलात चांगली मुरतात, म्हणून त्या तेलकट नळीपर्यंत पोचतात. दुसरं काम असं, की ही औषधं दाह थेट कमी करतात. संरक्षक पेशींची धावपळ मंदावते आणि कातडीचे धागे तोडणाऱ्या काही विकरांना लगाम बसतो. याचा पुरावा म्हणजे डॉक्सिसायक्लिनचा एक इतका कमी डोस आहे, दिवसाला ४० मिलिग्रॅम, की त्याने जिवाणू मरतही नाहीत. तरीही तो रोझेशिया नावाच्या, चेहरा लाल करणाऱ्या आजारावर वापरला जातो आणि गुण देतो. तिथे दाह शमवणं एवढंच त्याचं काम.

आता या गोळ्या काय करत नाहीत ते बघा. नळीतलं बूच त्या काढत नाहीत. तेल कमी करत नाहीत. हार्मोनला हात लावत नाहीत. चार कारणांपैकी दोघांवर त्यांचा जोर चालतो, तोही गोळी पोटात जात असेपर्यंत. म्हणूनच ज्यांना नुसते ब्लॅकहेड-व्हाइटहेड आहेत त्यांनी त्या घेण्यात काही हशील नाही. आणि म्हणूनच मी कॅप्सूल सोडल्यावर बुचं होती तिथेच होती, तेल येतच होतं, आणि जिवाणू परत आले. माझ्या चिठ्ठीवर बुचं काढणारं मलम नव्हतंच. किंवा असेलही, आणि मी ते आणलं नसेल. एकोणिसाव्या वर्षी मलमापेक्षा कॅप्सूलवर जास्त विश्वास असतो.

मलमाला कमी लेखू नये हे सांगणारा एक जुना, चांगला अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये ६४९ जणांवर १८ आठवडे केलेली ही चाचणी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. चेहऱ्यावर सौम्य ते मध्यम मुरुम असलेल्यांना वेगवेगळे उपचार दिले गेले. काहींना तोंडाने घ्यायची ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा मिनोसायक्लिन मिळाली, काहींना नुसतं बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला दिलं, काहींना त्यासोबत एरिथ्रोमायसिनचं मलम. निकालात फारसा फरक पडला नाही. साधं, स्वस्त बेंझॉइल पेरॉक्साइड महागड्या गोळ्यांच्या जवळपास बरोबरीने उतरलं. त्यामुळे गोळ्यांची खरी जागा आहे ती लाल, सुजलेल्या, पू भरलेल्या पुळ्या खूप असतील तेव्हा, छाती-पाठीवर पसरल्या असतील तेव्हा (पाठीच्या मधोमध रोज मलम लावून बघा, म्हणजे का ते कळेल), किंवा मलमांनी तीन महिन्यांत फरक पडला नसेल तेव्हा.

कोणती गोळी, हा भाग मी थोडक्यात उरकते, कारण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. सगळ्यात जास्त दिली जाते डॉक्सिसायक्लिन, सहसा दिवसाला १०० मिलिग्रॅम. युरोपात लायमेसायक्लिन बरीच चालते. मिनोसायक्लिनचा गुण साधारण तेवढाच, पण तिचे काही दुष्परिणाम जरा विचित्र आहेत: चक्कर, कातडीवर किंवा जुन्या व्रणांवर निळसर-करडी झाक, क्वचित यकृताला सूज किंवा ल्युपससारखा, शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटण्याचा आजार. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली सॅरेसायक्लिन खास मुरुमांसाठीच बनवली आहे आणि पोटातल्या जिवाणूंना तुलनेने कमी छेडते. टेट्रासायक्लिन चालत नसतील त्यांना कधी ॲझिथ्रोमायसिन देतात. ती शरीरात खूप वेळ टिकते, म्हणून आठवड्यातले ठरावीक दिवसच घ्यायची. एरिथ्रोमायसिन एकेकाळी खूप दिली जायची. आता मुरुमांचे जिवाणू तिला फारसे जुमानत नाहीत.

घेण्याची पद्धत मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही.

एका रात्री मी दिवा मालवल्यावर आठवण झाली म्हणून अंधारातच कॅप्सूल तोंडात टाकली, तांब्यात उरलेल्या घोटभर पाण्याने गिळली आणि आडवी झाले. पहाटे छातीच्या मधोमध कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं वाटून जाग आली. पुढचे चार दिवस कोमट पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. झालं होतं असं, की कॅप्सूल अन्ननलिकेतच अडकून तिथे विरघळली. डॉक्सिसायक्लिन पाण्यात विरघळली की चांगलीच आंबट होते, आणि एका जागी साचली तर नाजूक अस्तर भाजून काढते. म्हणून नियम असा: बसून किंवा उभं राहून, पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपायच्या वेळेची गोळी म्हणून ती ठेवूच नका. जेवणाबरोबर घेतली तर मळमळही कमी होते.

पण जेवणात दूध-दही नको. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला घट्ट धरतात आणि मग दोघंही न शोषले जाता बाहेर पडतात. डॉक्सिसायक्लिनमध्ये हा त्रास कमी, जुन्या टेट्रासायक्लिनमध्ये बराच. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पातळ औषधं यांच्यात आणि या गोळीत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमच्या याच ओढीमुळे आठ वर्षांखालच्या मुलांना मुरुमांसाठी ही औषधं देत नाहीत, आणि गरोदरपणातही नाहीत. घडत असलेल्या दातांत औषध जाऊन बसतं आणि दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात. (गंमत म्हणजे हाडांचे तज्ज्ञ याच खोडीचा फायदा घेतात. काही दिवसांच्या अंतराने टेट्रासायक्लिन देऊन, नव्या हाडात बसलेल्या तिच्या दोन रेघांमधलं अंतर मोजून हाड किती वेगाने वाढतंय ते काढतात.)

ऊन हा तिसरा मुद्दा. डॉक्सिसायक्लिन चालू असताना कातडी उन्हाला लवकर भाजते, आणि डोस जितका जास्त तितकी जास्त. नाक, गाल, हाताची पाठ लाल होऊन आग आग होते. सनस्क्रीन आणि टोपी हवीच. मुदत संपलेल्या जुन्या कॅप्सूल तर मुळीच घेऊ नका. शिळ्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणं १९६० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

आता अपेक्षांबद्दल. पहिल्या दोन आठवड्यांत सहसा काहीच दिसत नाही, आणि इथेच अनेक जण 'लागू पडत नाही' म्हणून सोडून देतात. खरा फरक सहा ते आठ आठवड्यांनी जाणवतो. बारा आठवडे झाले की डॉक्टरांकडे परत जायचं, आणि गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते तिथे ठरवायचं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ तीन-चार महिन्यांपलीकडे जाऊ नका म्हणतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही बारा आठवड्यांनी आढावा घ्यायला सांगतात, आणि सहा महिन्यांपलीकडे अगदी अपवादानेच.

इथे एक घोटाळा होतो. अँटिबायोटिकबद्दल आपल्या कानावर लहानपणापासून एकच वाक्य पडलेलं असतं: कोर्स पूर्ण करा. मुरुमांच्या बाबतीत हा कोर्स आपोआप पूर्ण होत नाही. घसा बरा होतो, ताप उतरतो, तिथे शेवट दिसतो. इथे जिवाणू कातडीचा कायमचा रहिवासी आहे, तो संपणारच नाही. शेवट दिसत नाही म्हणून गोळी चालू राहते, चेहरा बरा दिसतो म्हणून बंद करायची भीती वाटते, आणि जुनी चिठ्ठी चालत असते. माझे आठ महिने असेच गेले. इतकं साधं सांगायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागलं असतं.

जास्त काळ घेतल्याने बिघडतं ते औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे. महिनोन्महिने गोळी चालू राहिली की साधे जिवाणू मागे हटतात आणि ज्यांच्यात योगायोगाने असा बदल झालेला असतो ते फोफावतात. मुरुमांच्या जिवाणूंमध्ये हे १९७० च्या दशकाच्या अखेरीसच दिसू लागलं होतं. असे हट्टी जिवाणू रुग्णाच्या घरातल्या, स्वतः कधीच गोळी न घेतलेल्या माणसांच्या कातडीवरही सापडले आहेत. आणि गोळी पोटात जाते म्हणजे ती फक्त चेहऱ्यापुरती राहत नाही. घसा, आतडी, योनीमार्ग, सगळीकडचे जिवाणू तिच्या माऱ्यात येतात. काही बायकांना गोळी चालू असताना योनीत बुरशीचा त्रास होतो तो त्यामुळेच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश नोंदींच्या अभ्यासात, मुरुमांसाठी दीर्घकाळ अँटिबायोटिक घेणाऱ्यांमध्ये घसा-नाकाच्या वरच्या श्वसनमार्गाच्या संसर्गांची शक्यता न घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास आढळली.

यावरचा उपाय म्हणजे तेच बेंझॉइल पेरॉक्साइड. ते नळीत प्राणवायू सोडतं, आणि प्राणवायूपुढे या जिवाणूचा टिकाव लागत नाही. त्याला दाद न देणारा जिवाणू अजून तरी तयार झालेला नाही. म्हणून गोळीबरोबर ते हवंच, आणि जोडीला रात्री ॲडॅपलीनसारखं बुचं मोकळी करणारं मलम. तोंडाने अँटिबायोटिक आणि वरून क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिकचंच मलम, अशी जोडी मात्र नको. त्यात फायदा कमी आणि हट्टी जिवाणूंना आमंत्रण जास्त. चिठ्ठीवर फक्त गोळीच दिसली, तर 'याच्यासोबत लावायला काय?' हे जरूर विचारा.

गोळी चालू असूनही पुळ्या वाढल्या तर डोस वाढवायच्या आधी निदान तपासून घ्या. कपाळावर, छातीवर, खांद्यांवर एकसारख्या आकाराचे, खाज येणारे बारीक दाणे असतील आणि मधे ब्लॅकहेड अजिबात नसतील, तर ती मालासेझिया नावाच्या यीस्टची करामत असू शकते. अँटिबायोटिकने ती बळावते, कारण तिला रोखणारे जिवाणू बाजूला होतात. दुसरा प्रकार असा, की आधी बरं वाटलं आणि मग नाका-तोंडाभोवती अचानक पिवळ्या पुळ्यांची माळ उठली. लांबलेल्या अँटिबायोटिकमुळे वेगळ्या, ग्रॅम-निगेटिव्ह जातीचे जिवाणू तिथे वस्ती करतात. तिथेही तीच गोळी वाढवून उपयोग नाही. गोरं होण्यासाठी म्हणून चेहऱ्याला स्टेरॉइडचं क्रीम लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यानेही मुरुमांसारखे दाणे येतात.

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या भेटीची वाट बघू नये. डोकं जोरात दुखणं आणि त्यासोबत दृष्टी धूसर होणं किंवा दोन-दोन दिसणं, हे कवटीतला दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. गोळी थांबवा आणि लगेच दाखवा. आयसोट्रेटिनॉइन या गंभीर मुरुमांवरच्या गोळीमुळेही हाच त्रास होऊ शकतो, म्हणून ती आणि टेट्रासायक्लिन एकत्र कधीच घ्यायच्या नाहीत. अंगभर पुरळ आणि ताप, पातळ जुलाब न थांबणं, डोळे पिवळे होणं, यांनाही तेच लागू. अँटिबायोटिकमुळे गर्भनिरोधक गोळी निकामी होईल अशी भीती ती घेणाऱ्यांना हमखास असते, पण या औषधांच्या बाबतीत ती खरी नाही. गर्भनिरोधकाचं काम बिघडवणारी अँटिबायोटिक्स म्हणजे क्षयरोगावरची रिफॅम्पिसिन आणि तिच्या गटातली. पण उलट्या-जुलाब झाले तर गर्भनिरोधक गोळी पोटात न टिकल्याने धोका राहतो, तेवढी काळजी घ्या.

तीन-चार महिन्यांनी गोळी बंद झाली की मलमं बंद करायची नाहीत. हा भाग कंटाळवाणा असतो आणि बहुतेक जण इथेच घसरतात. बुचं रोज तयार होत असतात, ॲडॅपलीन ती रोज उघडत असतं, आणि आरशात काहीच घडताना दिसत नाही. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांतच सगळं परतलं, किंवा खोल गाठी आणि खड्डे पडायला लागले, तर पुन्हा तेच पाकीट मागण्याऐवजी पुढच्या उपायांबद्दल बोला. बायकांसाठी हार्मोनवर काम करणारे पर्याय आहेत, गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन. गंभीर मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. ती तेलग्रंथीच आकसवते, आणि गर्भाला तिच्यापासून मोठा धोका असल्यामुळे गरोदर असताना किंवा तशी शक्यता असताना ती घेताच येत नाही.

माझं पुढे आयसोट्रेटिनॉइनपर्यंत गेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिलीच नाही. रात्री ॲडॅपलीन आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, मटाराच्या दाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, फक्त पुळीवर टिपके देऊन नाही, असं करून दाखवलं. पहिले तीन आठवडे नाकाच्या कडेची सालं निघत होती, म्हणून ॲडॅपलीन एक दिवसाआड केलं. चौथ्या महिन्यात हनुवटी शांत झाली. दोन निळे टॉवेल आणि उशीचा एक जांभळा अभ्रा ठिकठिकाणी पांढरा पडला, कारण बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंगही तितक्याच इमानाने उडवतं. तेव्हापासून पांढरे टॉवेलच घेते.